डायल-अप लागतं, लॉगिन मात्र होत नाही

डायल-अप म्हणजे फोनच्या लाइनीवरून इंटरनेटची जोडणी. संगणकाला फोनची लाइन जोडून देणारं यंत्र, म्हणजे मोडेम, नंबर फिरवतो, शिट्ट्या आणि खरखर होते, पडद्यावर युजरनेम-पासवर्ड तपासला जात असल्याची ओळ येते आणि थोड्या वेळाने जोडणी तुटल्याचा निरोप येतो. पुन्हा डायल करावं तर पुन्हा तेच. कधी चौथ्या खेपेला अचानक लागतं, दोन दिवस बरं चालतं आणि मग परत पहिले पाढे पंचावन्न. अशा वेळी जवळपास प्रत्येकजण आधी पासवर्ड पुन्हा टाइप करतो, मग तो बदलून घेतो, आणि शेवटी विंडोजच नव्याने टाकायला निघतो. माझं मत विचाराल तर पासवर्डला हात लावायची पाळी बरीच उशिरा यायला हवी. लॉगिन कधी होतं आणि कधी होत नाही, अशी तक्रार असेल तर पासवर्डवरचा संशय तिथेच फिटला पाहिजे. सोमवारी बरोबर असलेला पासवर्ड मंगळवारी आपोआप चुकीचा होत नाही.

गोंधळ होतो तो पडद्यावरच्या त्या एका ओळीमुळे. मोडेमला समोरचा मोडेम सापडला, म्हणजे कॅरिअर मिळाला, की विंडोज ती ओळ दाखवतं आणि पुढे बराच वेळ तीच दाखवत राहतं. आत मात्र एकामागून एक तीन कामं चाललेली असतात. पीपीपी प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे फोनच्या लाइनीवरून इंटरनेटची माहिती नेण्याच्या ठरलेल्या पद्धतीत, पहिला टप्पा एलसीपीचा, जोडणीच्या अटी ठरवण्याचा. एका पाकिटात, म्हणजे माहितीच्या एका तुकड्यात, किती मजकूर घ्यायचा, कुठली अक्षरं टाळायची, ओळख कोणत्या पद्धतीने पटवायची, हे दोन्ही बाजू आपसात ठरवतात. दुसरा टप्पा खऱ्या ओळखीचा, पॅप (पासवर्ड उघडा पाठवायचा) किंवा चॅप (पासवर्ड न पाठवता तो माहीत असल्याचं दाखवायचं) पद्धतीने. तिसरा आयपीसीपीचा, ज्यात तुमच्या मशीनला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता, मिळतो. तिन्हींपैकी कुठेही घोडं अडलं तरी तुम्हाला "पासवर्ड तपासत आहे" एवढंच दिसतं. त्यामुळे पहिलं काम म्हणजे कॉल नेमका कुठल्या पायरीवर पडतो ते शोधणं. ते कळलं की उरलेली दुरुस्ती बहुतेकदा दहा मिनिटांची असते.

पण त्याआधी एक अगदी बाळबोध तपासणी. तुमची डायल-अप सेवा अजून चालू आहे ना? अनेक कंपन्यांनी ती गाजावाजा न करता बंद केली आहे. अमेरिकेतल्या एओएलने तर आपली अनेक दशकांची डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी थांबवली. सेवा बंद झाली तरी नंबर लगेच मरतोच असं नाही. तो वाजत राहतो, किंवा दुसऱ्या कुणाला दिला जातो. म्हणून साध्या फोनवरून तो नंबर हातानेच फिरवा आणि ऐका. दोन-चार रिंगनंतर एक उंच, सलग शिट्टी ऐकू आली पाहिजे. तो २१०० हर्ट्झचा उत्तराचा सूर. तो आला म्हणजे पलीकडे मोडेम जिवंत आहे. त्याऐवजी ध्वनिमुद्रित निवेदन, व्यग्र टोन किंवा एखादा माणूस आला, तर संगणकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच वेळी लाइनीवर खरखर किंवा घोंगाट आहे का, हेही कानावर येतं. डायल टोन चालू असताना एखादं बटण दाबा आणि टोन थांबल्यावरच्या शांततेकडे लक्ष द्या. त्या शांततेत जे ऐकू येतं, तेच मोडेमला सोसावं लागतं.

कान हेच पहिलं हत्यार

मोडेमचा स्पीकर बऱ्याच जणांनी वैतागून बंद केलेला असतो. तो चालू करा. मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये आवाजाची पट्टी असते. ती काम करत नसेल तर जादा सेटिंग्जच्या रकान्यात एम१एल२ लिहा. (या लेखातल्या सगळ्या मोडेम आज्ञा टाइप करताना इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत द्यायच्या.) आता डायल करा आणि हात बांधून ऐका.

आधी डायल टोन, मग नंबराचे सूर, मग पलीकडची रिंग, मग ती २१०० हर्ट्झची शिट्टी, मग दोन्ही मोडेमची एकमेकांची लाइन तपासण्याची घरघर, आणि शेवटी एकसारखा फसफसता आवाज. त्यानंतर स्पीकर बंद होतो. एम१ असेल तर कॅरिअर मिळताच आवाज तोडायचा असं मोडेमला सांगितलेलं असतं, तेव्हा ती शांतता म्हणजे चांगली बातमी. स्पीकर गप्प झाल्यानंतर कॉल पडला तर मोडेम आणि लाइन निदान एकमेकांना भेटल्या आहेत, भांडण पीपीपीत आहे. घरघर पुन्हा पुन्हा सुरुवातीपासून होत असेल, मधेच सूर बदलून परत पहिल्यावर येत असेल, तर लाइन खराब आहे आणि मोडेम वेग कमी करत करत जमवायचा प्रयत्न करतो आहे. डायल टोनच ऐकू आला नाही तर पुढचं काही वाचायची गरज नाही. तार मोडेमच्या "लाइन" लिहिलेल्या खाचेत आहे की चुकून "फोन" लिहिलेल्या खाचेत, ते आधी पाहा. दोन्ही खाचा दिसायला सारख्याच असतात आणि टेबलामागे वाकून अंदाजाने खुपसलेली तार निम्म्या वेळा भलतीकडे जाते.

एक फसवा प्रकार मात्र आहे. फोनवर डायल टोन स्पष्ट ऐकू येतो, पण विंडोज ६८० दाखवतं, म्हणजे डायल टोन नाही. लाइनीवर व्हॉइसमेलची सोय असेल आणि एखादा निरोप न ऐकता पडून असेल, तर एक्स्चेंज सलग टोनऐवजी तुटक टोन देतं. माणसाला तो कळतो, मोडेमला कळत नाही. निरोप ऐकून टाका, किंवा मोडेमच्या प्रॉपर्टीजमधली "वेट फॉर डायल टोन बिफोर डायलिंग" या ओळीची टिक काढा. आज्ञा द्यायची तर एक्स३. एरवी मोडेम एक्स४ वर असतो, म्हणजे डायल टोनही तपासतो आणि व्यग्र टोनही. एक्स३ दिल्यावर तो डायल टोनची वाट पाहत नाही, व्यग्र टोन मात्र ओळखतो.

आकडे काय सांगतात

विंडोजचे तीन आकडी एरर नंबर लोक वाचतच नाहीत, खिडकी बंद करून टाकतात. तसं करू नका, कागदावर उतरवून ठेवा. ६७६ म्हणजे समोरची लाइन व्यग्र. ६७८ म्हणजे समोरून उत्तरच आलं नाही. ६३३ म्हणजे मोडेम दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवला आहे किंवा नीट बसवलेला नाही. ६३३ मागे बहुतेकदा फॅक्सचा प्रोग्रॅम असतो, जो मशीन सुरू होताच येणाऱ्या फॅक्ससाठी मोडेमचं पोर्ट (संगणकाला जोडणारी वाट) अडवून बसतो. तो बंद करा, मशीन पुन्हा सुरू करा, संपलं. हे सगळे आकडे लॉगिनच्या आधीचे आहेत. त्यांचा पासवर्डशी सुतराम संबंध नाही.

खरी गंमत पुढच्या घोळक्यात आहे: ६१९, ७१८, ७२०, ७३४ आणि ६९१. लोक या सगळ्यांना एकच नाव देतात, "लॉगिन होत नाही". वास्तविक यातला फक्त ६९१ हा सर्व्हरने विचारपूर्वक दिलेला नकार आहे. बाकी सगळे गैरसमज, मौन किंवा अपघात.

७१८ म्हणजे उत्तराची वाट पाहून वेळ संपली. पीपीपीच्या १९९४ सालच्या मानकात असं ठरलं आहे की विनंतीला उत्तर नाही आलं तर साधारण ३ सेकंदांनी ती पुन्हा पाठवायची, आणि अशी १० वेळा पाठवून पाहायची. पडद्यावर ती ओळ अर्धा मिनिट गोठून राहते आणि मग कॉल पडतो, ते यामुळे. याचा अर्थ तुमची पाकिटं पलीकडे पोचत नाहीत, किंवा पोचून मोडत आहेत, किंवा पलीकडचं उपकरण झोपलं आहे. कंपनीच्या एका नंबरामागे अनेक मोडेम रांगेत असतात आणि त्यातला एखादाच बिघडलेला असू शकतो. कॉल कधी चांगल्या मोडेमवर पडतो, कधी त्या बिघडलेल्यावर. "चौथ्या खेपेला लागतं" या तक्रारीचं हे एक नेहमीचं कारण आहे. कंपनीचा दुसरा एखादा नंबर असेल तर त्यावर दोन दिवस चालवून पाहा. तिथे त्रास नसेल तर तुमच्या मशीनवर अन्याय होत होता म्हणायचं.

७२० म्हणजे दोन्ही बाजूंना समान असा नेटवर्क प्रोटोकॉलच सापडला नाही. तुमच्याकडचं टीसीपी/आयपी (इंटरनेटचा मूळ प्रोटोकॉल) खिळखिळं झालं आहे, एवढाच त्याचा बोध. ७३४ म्हणजे एलसीपीची बोलणी फिसकटली. ६१९ हा सगळ्यांत संदिग्ध. पोर्ट तुटलं एवढंच तो सांगतो. तिथे लॉगशिवाय, म्हणजे जोडणीच्या नोंदींच्या फाइलशिवाय, गती नाही, त्याकडे येतोच.

६९१: नकार खरा, कारण मात्र वेगळंच

सर्व्हरने नाही म्हटलं याचा अर्थ पासवर्ड चुकला असाच होत नाही. सर्व्हर कारण देत नाही, फक्त दार लावतो. तरी सुरुवात टाइपिंगपासून करू. पासवर्ड ताऱ्यांत दिसतो, म्हणून तो एकदा युजरनेमच्या रकान्यात टाइप करून डोळ्यांनी वाचा आणि मग पुसून टाका. कॅप्स लॉक, कीबोर्डची भाषा, आणि उजवीकडच्या आकड्यांच्या कळांसाठीचा नम लॉक, या तिन्ही गोष्टी त्यात उघड्या पडतात. जुन्या कीबोर्डवर एखादी कळ अर्धवट दबते किंवा दोनदा उमटते, तेही दिसतं. कुठून तरी कॉपी करून चिकटवला असेल तर शेवटी एक रिकामी जागा लटकलेली असते. ती कुणालाच दिसत नाही, सर्व्हरला दिसते.

युजरनेम पूर्ण आहे का? बऱ्याच कंपन्यांना नावापुढे ॲट-चिन्ह आणि डोमेन लागतं. ते नसेल तर विनंती कुठल्या खात्याकडे न्यायची ते सर्व्हरला कळत नाही. विंडोज एक्सपीवर याच्या उलटही घडतं. जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये "इन्क्लूड विंडोज लॉगऑन डोमेन" अशी टिक असते. ती चुकून लागली असेल तर विंडोज तुमच्या नावाआधी डोमेन जोडून पाठवतं, आणि असं खातं कंपनीकडे असणं शक्यच नसतं. टिक काढा.

आता "कधी होतं, कधी नाही" या प्रकाराकडे. समजा बोलणं चालू असताना लाइन अचानक तुटली. तुमच्या मशीनला ते लगेच कळलं, पण पलीकडच्या सर्व्हरच्या वहीत तुम्ही अजून आतच आहात. एका खात्यावर एका वेळी एकच जोडणी असा नियम असेल तर तुमचा दुसरा कॉल "हा तर आधीच आत आहे" म्हणून परत पाठवला जातो आणि तुम्हाला दिसतो तोच ६९१. तुम्ही चिडून पासवर्ड पुन्हा टाइप करता, पुन्हा डायल करता, पुन्हा नकार. मग कंटाळून चहाला उठता, परत येऊन डायल करता आणि काय आश्चर्य, लागतं! मधल्या वेळेत सर्व्हरने जुनं सत्र मिटवलेलं असतं. याची खूण पक्की आहे: नकार नेहमी एखाद्या अचानक तुटण्यानंतरच येतो, सकाळच्या पहिल्या कॉलला कधीच नाही. तसं असेल तर ६९१ च्या मागे न लागता लाइन का तुटते ते शोधा. आणि मशीन थेट बंद करण्याऐवजी आधी "डिस्कनेक्ट" करायची सवय लावा, म्हणजे सर्व्हरला रीतसर निरोप जातो.

विंडोज ९५ आणि ९८ मध्ये अजून एक खास दुखणं आहे. मशीन सुरू होताना नाव-पासवर्ड विचारणारी खिडकी येते आणि लोक एस्केप दाबून ती उडवतात. चालतं तसंही, पण मग "सेव्ह पासवर्ड" ही टिक फिकी पडते आणि दर वेळी पासवर्ड हाताने घालावा लागतो. याचं कारण, ९८ हे जपलेले पासवर्ड त्या नावाच्या पीडब्ल्यूएल फाइलमध्ये ठेवतं आणि तुम्ही नावच दिलं नाही तर ती उघडत नाही. त्या खिडकीत नाव देऊन ओके करा. पासवर्ड रिकामा ठेवला तरी चालतो. त्याने भागलं नाही तर विंडोजच्या फोल्डरमधली पीडब्ल्यूएल फाइल शोधून तिच्या नावातली टिंबानंतरची अक्षरं बदलून ठेवा. पुढच्या वेळी विंडोज ती नवी बनवेल. त्यातले इतर जपलेले पासवर्डही जातील, ते आधी कुठेतरी लिहून घ्या.

आणि हो, खातं चालू आहे का? बराच काळ न वापरलेलं खातं गोठवलं जातं. नकार तोच दिसतो.

सर्व्हर टाइपच्या टिका

९८ मध्ये जोडणीच्या चिन्हावर उजवी कळ, प्रॉपर्टीज, मग "सर्व्हर टाइप्स". या एका पानावर निम्मे लॉगिनचे घोटाळे दडलेले असतात. "लॉग ऑन टू नेटवर्क" ही टिक काढा. ती लागलेली असेल तर विंडोज पलीकडे विंडोजचं नेटवर्क शोधत बसतं, जे इंटरनेट कंपनीकडे नसतं, आणि लॉगिन विनाकारण रेंगाळतं. "रिक्वायर एन्क्रिप्टेड पासवर्ड" हीसुद्धा काढून पाहा. सर्व्हर फक्त पॅप जाणत असेल आणि तुम्ही एन्क्रिप्टेडच हवं असा हट्ट धरलात तर बोलणी तिथेच संपतात. नेटबीयूआय आणि आयपीएक्स या जुन्या नेटवर्क प्रोटोकॉलच्या टिका काढा, टीसीपी/आयपी एकटं ठेवा. "एनेबल सॉफ्टवेअर कम्प्रेशन" एकदा काढून एकदा ठेवून बघा. काही जुन्या सर्व्हरना ते झेपत नाही.

एक्सपीवर हेच काम "सिक्युरिटी" पानावर होतं. "रिक्वायर सिक्युअर्ड पासवर्ड" ऐवजी "अलाउ अनसिक्युअर्ड पासवर्ड" निवडा. पॅपमध्ये पासवर्ड उघडा जातो हे खरं आहे, पण तो तुमच्या फोन लाइनीवरून थेट कंपनीच्या उपकरणापर्यंतच जातो. शिवाय सर्व्हरला दुसरं काही येत नसेल तर पर्यायही नाही. ७३४ येत असेल तर "नेटवर्किंग" पानावरच्या पीपीपी सेटिंग्जमधली "निगोशिएट मल्टि-लिंक फॉर सिंगल लिंक कनेक्शन्स" ही टिकही काढा. या दोन बदलांनी ७३४ बहुधा जातो.

मला स्वतःला सगळ्यांत भरवशाची वाटते ती टर्मिनल खिडकीची चाचणी. ९८ मध्ये मोडेमच्या कॉन्फिगर बटणामागे, ऑप्शन्स पानावर "ब्रिंग अप टर्मिनल विंडो आफ्टर डायलिंग" अशी ओळ सापडते. ती टिक लावून डायल करा. कॅरिअर मिळाला की काळी खिडकी उघडते. एकदा एंटर दाबा. समोरून "लॉगिन" असा शब्द आला तर नाव टाइप करा, मग पासवर्ड. टाइप करताना पासवर्ड दिसणार नाही, ते ठीक आहे. तो स्वीकारून सर्व्हर पीपीपी सुरू करतो तेव्हा पडद्यावर कचऱ्यासारखी अक्षरं सांडू लागतात, त्यात महिरपी कंस पुन्हा पुन्हा दिसतो. टाळायच्या अक्षरांआधी पीपीपी जो बाइट लावतं, तो असाच दिसतो. तो दिसला की समजायचं, नाव-पासवर्ड शंभर टक्के बरोबर, खातं चालू, लाइन पुरेशी चांगली. उरलेला दोष तुमच्या विंडोजच्या सेटिंग्जमध्ये. लगेच कंटिन्यू दाबलंत तर पुष्कळदा जोडणीही पूर्ण होते. काही सर्व्हर "लॉगिन" न विचारता थेट महिरपी कंसांचा मारा करतात. मग हाताने लॉगिन करता येत नाही, पण लाइन शाबूत आहे एवढं तरी कळतं. तेच महिरपी कंस मधेच तुटत असतील, भलत्याच अक्षरांत मिसळत असतील, तर खरा आरोपी लाइन.

लाइन बदलली, मोडेमला कुणी सांगितलं नाही

"गेल्या वर्षीपर्यंत ठीक होतं, आता लॉगिन होत नाही" असं सांगणाऱ्याला मी आधी विचारतो, फोनची तार आता कुठून येते? फोन फायबरच्या पेटीतून किंवा ब्रॉडबँडच्या राउटरमधून येत असेल, तर आवाज आता आकड्यांची पाकिटं होऊन इंटरनेटवरून धावतो. माणसाच्या बोलण्याला चार-दोन पाकिटं गहाळ झाली तरी फरक पडत नाही. मोडेमला पडतो. जी.७२९ सारखा आवाज दाबणारा कोडेक (आवाजाचे आकडे करण्याची पद्धत) मधे असेल तर मोडेमचा सूर ओळखीचाच राहत नाही आणि हँडशेकच, म्हणजे दोन मोडेमची सुरुवातीची ओळखच, होत नाही. जी.७११ असेल तर जमतं, पण पाकिटं पोचण्याच्या वेळेत थोडी जरी ओढाताण झाली तरी मोडेमचा ताल सुटतो. कॅरिअर मिळतो, पासवर्डची ओळ येते आणि नेमका तेव्हाच कॉल पडतो. दिसताना लॉगिनचा दोष दिसतो, असतो लाइनीचा.

उपाय एकच: वेगाचा मोह सोडणे. १९९८ च्या व्ही.९० मानकाचा सेकंदाला ५६ हजार बिटांचा वेग फोन कंपनीच्या बाजूने सिग्नल थेट डिजिटल असेल तरच मिळतो. मधे एकच डिजिटल-ॲनालॉग रूपांतर चालतं. फायबरच्या पेटीवर ते गणित बिघडतं. म्हणून मोडेमच्या जादा सेटिंग्जमध्ये +एमएस=व्ही३४ लिहा, म्हणजे तो ३३,६०० च्या वर जाणार नाही. तरीही पडत असेल तर +एमएस=व्ही३२बी, म्हणजे १४,४००. ही आज्ञा प्रत्येक मोडेम मानतो असं नाही. जुन्या चिपसेटना आकडी रूप लागतं, तेव्हा मोडेमचं माहितीपुस्तक पाहा. १४,४०० वर टपाल सुखाने येतं. लागतच नसलेल्या ५६ हजारांपेक्षा ते केव्हाही बरं.

इथे एक हमखास फसगत होते. मोडेमच्या प्रॉपर्टीजमधला "मॅक्सिमम स्पीड" हा रकाना लाइनीचा वेग नव्हे. तो संगणक आणि मोडेम यांच्यातल्या तारेचा वेग आहे. तो १,१५,२०० वर असू द्या, त्याखालची "ओन्ली कनेक्ट ॲट धिस स्पीड" ही टिक मात्र कधीही लावू नका.

मोडेमचा हँडशेक लांबत असेल तर त्याला मुदतही वाढवून द्या. एस७ या रजिस्टरमध्ये (मोडेमच्या आतल्या सेटिंगच्या कप्प्यात) कॅरिअरची किती सेकंद वाट पाहायची ते असतं, एस७=९० करून पाहा. ९८ मध्ये वेगळी मुदत असते, कॉल ठरावीक सेकंदांत लागला नाही तर रद्द करण्याची. तीही वाढवायला विसरू नका, नाहीतर मोडेम तयार असेल आणि विंडोज फोन ठेवून देईल. कॉल वेटिंगच्या टुकटुकीने जोडणी तुटत असेल तर ती सोय तात्पुरती बंद करा. कॅरिअर गेल्यावर किती वेळ थांबायचं ते एस१० मध्ये असतं, सेकंदाच्या दहाव्या भागात. एस१०=५० म्हणजे ५ सेकंद.

आणि भिंतीपासून मोडेमपर्यंत एकच, आखूड तार ठेवा. मधले स्प्लिटर, लांब गुंडाळी, दुसऱ्या खोलीतला समांतर फोन, सगळं काढून एकदा चाचणी घ्या. लाइनीवर डीएसएल (त्याच तारेवरचं ब्रॉडबँड) असेल तर मोडेमच्या तारेत फिल्टर हवाच.

मशीनच्या पोटातले

जुन्या मशीनवर कॉम१ आणि कॉम३ हे दोन्ही सिरियल पोर्ट आयआरक्यू ४ (प्रोसेसरचं लक्ष वेधायची तार) वापरतात, कॉम२ आणि कॉम४ आयआरक्यू ३. माउस सिरियल असेल आणि कॉम१ वर असेल, तर मोडेम कॉम३ वर ठेवणं म्हणजे भांडणाला निमंत्रण. लॉगिन चालू असताना माउस हलवला की कॉल पडतो, असा चमत्कार दिसला तर कारण हेच. मोडेम कॉम२ वर न्या. स्वस्तातले आतल्या कार्डाचे मोडेम, ज्यांना विनमोडेम म्हणतात, ते निम्मं काम संगणकाच्या प्रोसेसरवर ढकलतात. लॉगिनच्या वेळी अँटिव्हायरस डिस्क तपासत असेल तर त्यांचा श्वास अडतो. बाकी सगळं बंद ठेवून डायल करून बघा.

७२० साठी ९८ वर नेटवर्कच्या पानातून डायल-अप ॲडॉप्टर आणि टीसीपी/आयपी काढायचं, मशीन पुन्हा सुरू करायचं, मग दोन्ही परत घालायचं. हे करण्याआधी विंडोजची सीडी हाताशी आहे का, किंवा सी ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरात ऑप्शन्स आणि त्यात कॅब्स असं फोल्डर आहे का, ते बघून घ्या. काढून बसल्यावर सीडी सापडली नाही तर होतं नव्हतं तेही गेलं.

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात. पीपीपीडी, म्हणजे पीपीपी चालवणारा प्रोग्रॅम, १९ या कोडने बंद पडला तर समोरच्याने तुमची ओळख नाकारली. पॅप-सिक्रेट्स फाइलमध्ये पासवर्डात # असेल आणि अवतरणचिन्हं नसतील तर पुढचा भाग टिप्पणी समजून गिळला जातो. आणि समोरच्याने आपली ओळख पटवली पाहिजे अशी तक्रार येत असेल तर नोऑथ हा पर्याय घाला. मशीनला आधीच एक डीफॉल्ट रूट, म्हणजे बाहेर जायची ठरलेली वाट, असला, उदाहरणार्थ नेटवर्क कार्डाचा, की पीपीपीडी असा संशयी होतो.

लॉग वाचा, अंदाज नको

९८ मध्ये डायल-अप ॲडॉप्टरच्या ॲडव्हान्स्ड पानावर "रेकॉर्ड अ लॉग फाइल" चालू करा. विंडोजच्या फोल्डरात पीपीपीलॉग नावाची टेक्स्ट फाइल तयार होते. एक्सपीवर कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटएसएच आरएएस सेट ट्रेसिंग * एनेबल्ड असं दिलं की विंडोजच्या ट्रेसिंग फोल्डरात फाइली येतात. तिथे तीन आकडे शोधा. सी०२१ हा एलसीपी, सी०२३ हा पॅप, सी२२३ हा चॅप. फाइलमध्ये सी०२१ च्या विनंत्याच एकामागून एक असतील आणि उत्तर एकही नसेल, तर तुमचा आवाज पलीकडे जात नाही, लाइन किंवा त्यांचा मोडेम. सी२२३ मागितला आणि तुमच्याकडून नाकारला गेला असं दिसलं, तर वर सांगितलेल्या टिका. पॅपची विनंती गेली आणि नकार आला, तर आणि तरच खातं, पासवर्ड, अडकलेलं सत्र. पॅपच्या नकारात सर्व्हर कधी कधी एखादं वाक्यही पाठवतो. विंडोज ते वाक्य तुम्हाला खिडकीत दाखवत नाही, पण सविस्तर लॉगमध्ये सापडू शकतं. कंपनीच्या मदत कक्षाला फोन करताना हे हाताशी असेल तर "मोडेम बंद करून चालू करा" या पहिल्या अर्ध्या तासाची बचत होते.

आता समजा लॉगिन झालं, टास्कबारवर दोन छोटे संगणक लुकलुकू लागले, आणि तरी एकही पान उघडत नाही. बरेचजण हेही "लॉगिन होत नाही" मध्ये धरतात, पण ते वेगळं आहे. ब्राउझर "वर्क ऑफलाइन" वर नाही ना, जुन्या कुठल्या प्रॉक्सीचा पत्ता भरलेला नाही ना, नेटवर्क कार्डात डीफॉल्ट गेटवे लिहून ठेवलेला नाही ना, एवढं पाहा. मग एखाद्या माहीत असलेल्या आयपी पत्त्याला पिंग करा, म्हणजे उत्तर येतं का ते पाहणारी आज्ञा द्या. त्याला उत्तर येतं पण नावाने येत नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. दोन्हींना येतं आणि तरी पान उघडत नाही, तर ब्राउझरचं वय आडवं आलं. एक्सपीचा इंटरनेट एक्स्प्लोरर टीएलएस १.० (सुरक्षित पानांसाठीची एन्क्रिप्शनची पद्धत) च्या पुढे जात नाही, आणि ती आवृत्ती मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत काढली गेली. बहुतेक साइट तिला दारातच अडवतात. घड्याळही बघून घ्या. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला असेल तर तारीख दर वेळी अनेक वर्षं मागे जाते आणि सुरक्षित पानांची प्रमाणपत्रं "अजून लागू झालेली नाहीत" म्हणून नाकारली जातात. सेल बदलायच्या आधी बायोसमधली हार्ड डिस्कची सेटिंग्ज कागदावर उतरवून घ्या, फार जुन्या मशीनवर ती आपोआप परत येत नाहीत.